गोळीचा वेग कसा मोजतात?

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या शहराला तोफेचा परिचय जुना आहे. विजापूरच्या तटावर दिसणारी मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ निजामशाहीच्या काळी, १५४९ साली, याच नगरात ओतली गेली. १९४८ पासून भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे केंद्र व शाळा येथे आहे आणि खारे कर्जुने परिसरातील मैदानावर रणगाड्यांच्या तोफा धडाडतात. तो गडगडाट भोवतालच्या गावांत ऐकू येतो. तोफेतून सुटलेला गोळा मात्र कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही. जी वस्तू दिसतच नाही, तिचा वेग कसा मोजावयाचा?

या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने दिले. त्याने एक जड लंबक टांगला व त्यात गोळी मारली. गोळी आत रुतली की लंबक झोका घेई. लंबक गोळीच्या चारशे पट जड असेल, तर आघातानंतर वेग सुमारे चारशेपटीने घटतो. सेकंदाला ८०० मीटरचे २ मीटर होतात. एवढा संथ झोका मोजणे कोणासही शक्य आहे. पुढे १८६० नंतरच्या दशकात ल बूलांजे या बेल्जियन तोफखाना अधिकाऱ्याने विजेची मदत घेतली. गोळीने पहिली तार तोडली की एक लांब दांडा खाली पडू लागे. दुसरी तार तुटली की एक सुरी सुटून पडत्या दांड्यावर खूण करी. खूण किती उंचीवर पडली, यावरून गेलेला काळ कळे. अशा कालमापक यंत्रास क्रोनोग्राफ म्हणतात.

आजच्या क्रोनोग्राफात तारांच्या जागी प्रकाशाचे दोन अदृश्य पडदे असतात. गोळीची छाया पहिल्यावर पडताच घड्याळ सुरू होते, दुसऱ्यावर पडताच थांबते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. यंत्र मोजते ते केवळ काळ. वेग हा त्या काळावरून आणि पडद्यांमधील अंतरावरून काढलेला असतो. म्हणून दोहोंतील चूक वेगात उतरते.

पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत विकसित झालेल्या इन्सास रायफलीचे उदाहरण घ्यावे. तिची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते. पडदे ३ मीटर अंतरावर असल्यास ती हे अंतर सेकंदाच्या तीनशेव्या भागात तोडते. घड्याळ सेकंदाच्या एक लक्षांश भागाने चुकले, तर वेगात सुमारे पावणेतीन मीटरची चूक येते. पडदे ३० सेंटिमीटरवर आणले, तर तीच चूक २७ मीटर होते. यास्तव यंत्र निवडताना आकड्यांच्या चकचकीत खिडकीपेक्षा पडद्यांमधील अंतर किती व ते किती पक्के आहे, हे आधी पाहावे. पडदे परस्परांस समांतरही हवेत. नाहीतर गोळी वरून गेली की एक अंतर आणि खालून गेली की दुसरे.

यंत्र ठेवण्याची जागाही तितकीच महत्त्वाची. नळीच्या तोंडाशी ठेवल्यास गोळीच्या पुढे झेपावणारा वायू व धूर पहिल्या पडद्याला अवेळी जागे करतो. घड्याळ लवकर सुरू होते, काळ अधिक भरतो आणि वेग आहे त्याहून कमी दिसतो. ही चूक साधी नव्हे. काडतूस दुबळे आहे असे समजून कोणी दारू वाढविली, तर नळीतील दाब धोक्याच्या मर्यादेपलीकडे जातो आणि इजा होते ती बंदूक धरणाऱ्यास. म्हणून यंत्र काही मीटर पुढे ठेवतात आणि त्या अंतरात हवेच्या विरोधाने घटलेला वेग गणिताने परत मिळवितात.

प्रकाशाचीही काळजी घ्यावी लागते. नगरच्या प्रखर उन्हात पडद्यांवर पांढरे, अर्धपारदर्शक छत लावले की उजेड सारखा पसरतो. बंदिस्त जागेत साध्या ट्यूबलाइटचा सेकंदाला शंभर वेळा होणारा लुकलुकाट यंत्रास फसवू शकतो. शिवाय दारू तापली की जलद जळते; वैशाखातील दुपार आणि पौषातील पहाट यांचे आकडे एकमेकांशी ताडताना तपमानाची नोंद हवीच.

रणगाड्याच्या कवचभेदी बाणाचा वेग सेकंदाला दीड हजार मीटरांहून अधिक असतो. नळीबाहेर येताच त्याच्या भोवतीची वेष्टने सुटून उडतात. समोर पडदे असतील तर त्यांचा चुराडाच व्हावयाचा. अशा ठिकाणी बाजूस ठेवलेले रडार गोळ्यावरून परतणाऱ्या लहरींतील फरकावरून वेग काढते.

शेवटी, एका फैरीच्या आकड्यावर विसंबू नये. निदान दहा फैरी झाडाव्यात, सरासरीबरोबर आकड्यांतील तफावतही लिहून ठेवावी. शक्य तेथे दोन यंत्रे एकामागे एक मांडून एकाच गोळीचा वेग दोहोंनी मोजावा; त्यांची साक्ष जुळली नाही, तर दोष आधी यंत्रात शोधावा. ल बूलांजेनेही दोन्ही प्रवाह एकाच क्षणी तोडून आपल्या यंत्राची स्वतःची दिरंगाई प्रथम मोजण्याची सोय केली होती व ती हिशेबातून वजा केली जाई. नेमाचे कोष्टक, काडतुसांची परीक्षा आणि चाँदमारीभोवती कोठवर धोका मानावयाचा ती सीमा, ही सारी याच एका आकड्यावर उभी असतात. त्या सीमेच्या अलीकडे सैनिक असतो आणि पलीकडे कोणाचे तरी शेत असते.