सर्पगंधा आणि सर्पदंश



झाडपाल्याचे औषध खरे की डॉक्टरचे इंजेक्शन खरे, हा वाद गावोगावी मोठ्या हिरिरीने चालतो. एक पक्ष आजीबाईच्या बटव्याला अडाणीपणा म्हणून हिणवतो. दुसरा, पूर्वजांना सारे ठाऊकच होते, असे सांगून मोकळा होतो. दोघांनीही सर्पगंधेच्या मुळीची हकिकत ऐकावी.

या मुळीविषयी परंपरेचे दोन दावे होते. वेडाचा झटका तिने शमतो हा एक, आणि सापाचे विष उतरते हा दुसरा. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर तिचा परिणाम मोजला आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रेसरपीन वेगळे काढले. रक्तदाबावर आणि मनोविकारांवर ते जगभर वापरले गेले. त्याने काही रोग्यांना खिन्नता येते अशा तक्रारी पुढे आल्या, आणि अधिक चांगली औषधे निघाल्यावर ते मागे पडले. वैद्यांच्या ज्ञानाला प्रतिष्ठा मिळाली ती अशी, कसोटीला उतरून. (त्या जागतिक व्यापारातून मुळ्या खणणाऱ्या आदिवासींच्या पदरी काय पडले, हा अर्थशास्त्राचा वेगळाच धडा आहे.)

दुसरा दावा मात्र कसोटीला उतरला नाही. घोड्याच्या रक्तापासून तयार होणाऱ्या प्रतिविषाची जागा कोणतीही मुळी घेऊ शकलेली नाही. मग मांत्रिकाचा लौकिक टिकतो कसा? पुष्कळसे साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात भिनतेच असे नाही. असा रोगी वाचला की यश मुळीचे; मेला की दोष नशिबाचा. डॉ. वकील यांनी मोजले, मांत्रिक मोजत नाही, एवढाच दोघांतला फरक.

हा फरक कोणाच्या जिवावर बेततो? परभणी जिल्ह्यात पालमकडे किंवा सोनपेठकडे रात्रीची वीज आली की अंधारात, अनवाणी पिकाला पाणी देणाऱ्याच्या. कुडाच्या घरात जमिनीवर निजणाऱ्या मजुराच्या. मण्यार झोपेत चावते, व्रण धड दिसतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात आणि घरची माणसे पोटदुखीचा काढा देत बसतात. घोणस चावली असेल तर निदानाला यंत्रही लागत नाही. रोग्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवावे; ते गोठले नाही तर विष रक्तात उतरले आहे. इतके स्वस्त निदान असूनही २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला.

परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ साली सुरू झाले, ही गोष्ट चांगलीच. परंतु दंश शिवारात होतो आणि विष वाट पाहत नाही. जवळ उपचार नाही, गाडीभाड्याला पैसा नाही, आणि वैदू मात्र शेजारच्या आळीत आहे. अशा वेळी मजूर त्याच्याकडे जातो, त्याला अंधश्रद्ध म्हणणे सोपे असते. त्या वैदूशी भांडून उपयोग नाही. त्याच्याकडे रोगी सर्वांआधी येतो, म्हणून तो पुढे धाडण्याचे काम त्याच्याच गळी उतरवावे लागेल.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केली आहे. कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत, रात्री त्या देणारा डॉक्टर कोण आहे, काचेची कोरडी नळी कपाटात आहे काय, एवढे स्वतः पाहून यावे.