छत्तीस तासांचा कस

दुपारपर्यंत नीट चाललेलं ॲप रात्री दोनला बंद पडतं आणि सकाळी परीक्षक दारात. ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’च्या सॉफ्टवेअर विभागाची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते.

स्पर्धा सुरू झाली २०१७ साली. बहुतेक प्रश्न केंद्रीय मंत्रालयं आणि सरकारी खाती देतात. आधी कॉलेजातच चाळणी लागते. संघ सहा जणांचा, आणि त्यात किमान एक विद्यार्थिनी हवीच.

गंमत अशी, की सहाही जण कोड लिहायला बसले तर संघ अडतो! खात्याला नेमकं काय हवंय हे एकाने खोदून विचारायचं, दुसऱ्याने सादरीकरण बांधायचं. परीक्षकांच्या फेऱ्या मधेमधे होतातच, त्यांच्या सूचना मनावर घ्याव्या लागतात.

हार्डवेअरवाल्यांना मात्र पाच दिवस मिळतात.