चिठ्ठीचे औषध आणि गावचे दुकान

(पुसद येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हिवतापाने गावेच्या गावे अंथरुणाला खिळत, त्या काळी इंग्रजी अमलात क्विनाइनच्या पुड्या टपाल कचेरीच्या खिडकीवर विकल्या जात. १८९२ मध्ये बंगाल प्रांतात ही सोय सुरू झाली आणि पुढे इतर प्रांतांनीही ती उचलली. डॉक्टर दूर, टपाल कचेरी जवळ, एवढाच हिशेब त्यामागे होता. पुसद तालुक्यातील एखाद्या तांड्यावरून किंवा पैनगंगेकाठच्या वाडीवरून पाहिले, तर तो हिशेब आजही पुष्कळसा खरा आहे. रात्री मुलाला ताप भरला, तर पुसदचे उपजिल्हा रुग्णालय गाठण्यापूर्वी माणूस किराणा दुकानाचे दार ठोठावतो. त्या दुकानदाराने काय द्यावे आणि काय देऊ नये, हे ठरवायचे कोणी?

राज्य शासनाने मनात आणले तर कोणतेही औषध चिठ्ठीवाचून विकण्यास मोकळीक देता येईल, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. औषधे हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत असला, तरी १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम आणि १९४५ चे नियम हे केंद्राचे आहेत. राज्याचे अन्न व औषध प्रशासन मुख्यतः त्यांची अंमलबजावणी करते. नियमांच्या ‘एच’ अनुसूचीत नाव आले, की ते औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून किरकोळ विकता येत नाही. ही रेषा मात्र कायमची आखलेली नसते. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीला २००५ मध्ये चिठ्ठीच्या अटीतून सूट मिळाली. याउलट मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनला एकाएकी मागणी आली, तेव्हा केंद्राने त्याची विक्री अधिक कडक केली. महाराष्ट्र विधिमंडळानेही २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. परंतु ती औषध विकणाऱ्याविषयी नव्हती. औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथिक व्यावसायिकांना आधुनिक औषधे लिहून देण्याची मुभा तिने दिली. तिचा वाद पुढे न्यायालयात गेला, तो भाग वेगळा.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती ‘के’ अनुसूची, आणि तिचीच माहिती सर्वांत कमी आहे. एक हजारापेक्षा अधिक लोकसंख्या नसलेल्या गावात काही घरगुती औषधे विक्रीच्या परवान्यावाचून ठेवता येतात. पॅरासिटामॉल व ॲस्पिरिनच्या गोळ्या, पित्तशामक औषधे, वेदनाशामक बाम, भाजल्यावरची मलमे, टिंक्चर आयोडीन, कापूस आणि पट्ट्या ही त्यांतली. अट अशी की, ती परवानाधारक उत्पादकाच्या मूळ, न उघडलेल्या वेष्टनातच विकावीत. डब्यातून काढून कागदात बांधलेल्या सुट्या गोळ्या या सवलतीत बसत नाहीत. त्यांवर नाव नाही, मुदत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन रुग्णालयात आलेल्या बापाला काय दिले होते ते सांगताही येत नाही.

खरा धोका पॅरासिटामॉलच्या शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या गोळीत आहे. कापूस वेचून कंबर मोडलेली बाई अंगदुखीची गोळी मागते. तिला डायक्लोफेनॅक दिले जाते, कधी त्याच्या जोडीला डेक्सामेथासोनही. दोन्ही चिठ्ठीची औषधे आहेत. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असून त्याने हुशारी वाटते, म्हणूनच ते पुन्हा मागितले जाते; पुढे रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. प्रतिजैविकांचे दोनच डोस घेऊन थांबणे हेही तितकेच घातक. १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविके व क्षयरोगावरील औषधे ‘एच-१’ अनुसूचीत गेली. डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवही दुकानदाराने तीन वर्षे जपावी लागते. शिक्षकांनी वर्गात गोळ्यांच्या पाकिटावरील उभी लाल रेघ दाखविली, तर घरातली पाकिटे मुलेच तपासतील.

दुकानदाराला दोषी ठरविणे सोपे आहे. पण पुष्कळदा तो विकतो ते गावाच्या आग्रहामुळे, आणि गाव आग्रह धरते ते अंतरामुळे. आरोग्य सेविका आणि अंगणवाडी सेविका यांनी शासकीय कार्यक्रमाखाली दिलेल्या औषधांनाही याच ‘के’ अनुसूचीने परवान्यातून सूट दिली आहे. त्यांच्या पेटीत गोळ्या शिल्लक आहेत की नाहीत, हे पंचायतीने विचारले पाहिजे. पेटी रिकामी असली की लोक पुन्हा त्या दुकानाकडे वळतात. मे २०२२ मध्ये केंद्राने १६ औषधे चिठ्ठीवाचून विकू देण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यातही पाच दिवसांहून अधिक पुरेल इतके औषध न देण्याची अट होती.

आता लोकसंख्येचा मुद्दा. ९८० वस्तीचे गाव १,०४० चे झाले, की सवलत संपते, आणि कालपर्यंत कायदेशीर असलेले दुकान परवान्यावाचून औषध विकणारे ठरते. त्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. अशा दुकानदारासाठी नियमांत मर्यादित परवान्याची तरतूद आहे. ज्या औषधांना औषधनिर्मात्याची देखरेख लागत नाही, तेवढीच त्यावर विकता येतात. अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे करावयाचा असतो, आणि गावाचा जनगणनेतील आकडा तर ग्रामपंचायतीच्या दप्तरातच असतो.