दुसऱ्यांदा टोकण्याची सोय



'कामाच्या ठिकाणी नेतृत्व आणि संवाद' हा विषय मला दिला आहे. या विषयावरची व्याख्यानं बहुधा साहेबानं कसं बोलावं याभोवती फिरतात. आवाजाचा चढउतार, हातवारे, नजर. मला त्याचं फारसं अप्रूप नाही. बोलता न येणारा माणूस सहसा साहेब होतच नाही. घोडं अडतं ते दुसरीकडे. साहेबाचं चुकतंय हे हाताखालच्या माणसाला दिसतं, तो एकदा हळूच टोकतो आणि मग गप्प बसतो. हे प्रत्येक कचेरीत घडतं, पण त्याची नोंद राहत नाही. विमानाच्या कॉकपिटमध्ये राहते, कारण तिथलं बोलणं यंत्र टिपून ठेवतं. म्हणून आज मी विमानांबद्दल बोलणार आहे.

27 मार्च 1977. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा लॉस रोदेओस विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे बरीच विमानं इकडे वळवलेली, त्यात दाट धुकं. केएलएमचं जंबो जेट धावपट्टीच्या टोकाशी उभं होतं, त्याच धावपट्टीवर पुढे पॅन अ‍ॅमचं एक विमान होतं. कॅप्टन व्हान झांटेन म्हणजे कंपनीतलं बडं प्रस्थ, वैमानिकांचे प्रशिक्षक. जाहिरातीतही त्यांचाच फोटो. शेजारच्या सहवैमानिकाची जंबोची परीक्षा दोनेक महिन्यांपूर्वी त्यांनीच घेतली होती. कॅप्टननी इंजिनांचा जोर वाढवायला घेतला, तेव्हा याच सहवैमानिकानं टोकलं : अजून परवानगी आलेली नाही. कॅप्टन म्हणाले, ठाऊक आहे, विचार त्यांना. त्यानं विचारलं. उत्तर आलं ते उड्डाणानंतर कोणत्या मार्गानं जायचं याचं. उड्डाण करा असं त्यात कुठेच नव्हतं. सहवैमानिक ते परत म्हणून दाखवत असतानाच कॅप्टननी विमान पळवायला सुरुवात केली. या वेळी त्यानं टोकलं नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं शंका काढली, ते पॅन अ‍ॅमचं विमान धावपट्टीवरून हटलं नाही का? कॅप्टननी ठामपणे सांगितलं, हटलंय. इंजिनिअरही थांबला. विमान हटलेलं नव्हतं. दोन्ही विमानं धडकली, 583 माणसं गेली.

धुकं होतं, रेडिओवर दोन संदेश एकमेकांत मिसळून ऐकू आले नाहीत, ही कारणं खरीच. पण मला राहून राहून नवल वाटतं ते त्या सहवैमानिकाचं. तो भित्रा नव्हता. अर्ध्या मिनिटापूर्वीच तर त्यानं साहेबाला थांबवलं होतं. एकदा थांबवता आलं, दुसऱ्यांदा आलं नाही. कॅप्टन त्याच्यावर ओरडलेही नव्हते. फक्त 'ठाऊक आहे' म्हणाले. तुम्ही-आम्ही दिवसातून कितीदा म्हणतो हे! माझा अंदाज असा की आपल्या कचेऱ्यांत 'मला माहीत आहे हो' या साध्या उत्तरानं जितकी तोंडं बंद झाली, तितकी आरडाओरड्यानं झाली नसतील.

पुढच्याच वर्षी, 28 डिसेंबर 1978 ला, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीचं डीसी-8 विमान चाकांमध्ये बिघाड आहे का हे तपासत तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून शहराच्या कडेला कोसळलं. दहा जण दगावले. फ्लाइट इंजिनिअरनं इंधनाचा विषय काढला होता, पण 'कमी पडेल' या सुरात; 'आत्ता उतरलो नाही तर पडू' असं कुणी म्हटलं नाही. चौकशीनंतर सरकारी तपास मंडळानं शिफारस केली ती दुहेरी : कनिष्ठांना ठामपणे बोलायला शिकवा आणि कॅप्टनला इतरांना सामील करून घ्यायला शिकवा. आपल्याकडे यातला पहिला अर्धाच लोकप्रिय झाला. नव्या पोरांसाठी आत्मविश्वासाची शिबिरं भरतात. साहेबासाठी ऐकण्याचं शिबिर भरलेलं मी तरी पाहिलं नाही.

नुसत्या पहिल्या अर्ध्यानं काय होतं ते मंगळुरूनं दाखवलं. 22 मे 2010. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेकडीवरच्या धावपट्टीकडे चुकीच्या उंचीनं उतरत होतं. सहवैमानिक गप्प बसला नाही. पुन्हा वर घेऊ या, असं त्यानं तीनदा सांगितलं. धोक्याची सूचना देणारं यंत्रही ओरडत होतं. कॅप्टननी विमान उतरवलंच आणि ते धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. 166 पैकी आठ वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीनं या तीन हाका नोंदवल्या आहेत. कनिष्ठानं बोलायचं ते बोलून झालं होतं.

म्हणून माझं म्हणणं, ही जबाबदारी खुर्चीची आहे. हाताखालच्या माणसाला दुसऱ्यांदा टोकता यावं अशी सोय साहेबानं करून ठेवायची. ती स्वभावावर सोडू नये, रीतच पाडावी. बैठकीत साहेबानं आधी मत मांडलं की बैठक तिथेच संपते, पुढे नुसता चहा होतो. तेव्हा त्यानं शेवटी बोलावं. 'सगळं ठीक ना?' या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं. त्याऐवजी 'कुठे अडेल असं वाटतं?' असं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. ही शांतता साहेब मंडळींना सोसत नाही, असा माझा अनुभव. शस्त्रक्रियेतही अशी रीत आहे : डॉ. अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेनं केलेली तपासयादी. त्या यादीत चिरा घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. एकदा तोंड उघडलेल्या नर्सला पुढे सर्जनला टोकणं थोडं सोपं जातं.

यानं शिस्त बिघडेल, हा आक्षेप नेहमीचा. त्याला उत्तर आयोवातल्या सू सिटीचं. 19 जुलै 1989 रोजी युनायटेडच्याच डीसी-10 विमानाचं मागचं इंजिन फुटलं आणि सुकाणू फिरवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. प्रवाशांत त्याच कंपनीचे एक प्रशिक्षक वैमानिक होते, डेनिस फिच. कॅप्टन अल हेन्स यांनी त्यांना कॉकपिटमध्ये बोलावून उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल त्यांच्या हाती दिले. हुकूम शेवटपर्यंत हेन्स यांचाच चालला. 296 पैकी 184 जण वाचले. पुढे अनेक वर्षं हेन्स व्याख्यानांतून सांगत की असं विमान उतरवण्याचा सराव आमच्यापैकी कुणीच केला नव्हता, तेव्हा कॉकपिटमधल्या बाकीच्या तिघांपेक्षा मलाच जास्त कळतं असं मी का धरून चालावं?