एकट्या इलेक्ट्रॉनाची चाहूल
मुलें दोन-दोनांच्या रांगेंत उभीं केलीं कीं, एखादें एकटें उरलें तर तें न मोजतांच कळतें. ॲल्युमिनियममधील इलेक्ट्रॉनांचेंही तसेंच आहे. तो धातु निरपेक्ष शून्यापासून सुमारें १.२ अंशांच्या आंत निववला, कीं ते जोडीनें वावरतात व वीज विनाअडथळा वाहते. अशी जोडी जमूं शकते, हें कूपर यांनीं १९५६ सालीं दाखविलें. भटका प्रकाशकण वा विश्वकिरण ती फोडतो. सूक्ष्म धातुखंडांत एकटा इलेक्ट्रॉन शिरतांच समसंख्या विषम होते. शेजारचा विद्युन्मापक हा पालट टिपतो. दोन एकटे भेटले कीं जोडी पुन्हां जुळते. परंतु त्या वेळीं सुटणारें कंपन दुसरी जोडी फोडूं शकतें! अशा एकट्यांमुळें क्वांटम गणकयंत्राची स्मृति बिघडते. म्हणून तें प्रकाशापासून झांकून ठेवतात. आणि झांकण पुरेसें आहे कीं नाहीं, हें त्या एकट्याच्या चाहुलीवरूनच कळतें.