लेकरू घरात काय शिकतं
(शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)





दिंडीच्या आठवणी सांगायला माझ्यापेक्षा जाणती माणसं बसलेली हायेत. मी बोलणार लेकरांविषयी. शाळेत नाव घालायच्या आधीची, सहा वर्षांच्या आतली लेकरं. पुढं वीणा त्यांच्याच गळ्यात जाणार हाय.

मी चौथी शिकलेला. डॉक्टर लोक सांगतात, माणसाचा मेंदू बहुतेक पहिल्या पाच-सहा वर्षांतच वाढतो. मला ते लगेच पटलं. ज्वारीचं रोप पहिल्या महिन्यात उपाशी राहिलं, तर मागून युरियाची पोती टाकून काय उपयोग?

आता हरिपाठाचंच बघा. आपल्यातल्या कितीजणांनी तो पुस्तकातून पाठ केला? देवळात आज्याच्या मांडीवर बसलो, तिथंच झोपलो, कानावर पडत राहिला, अन् एके दिवशी तोंडातून बाहेर आला. अक्षराची ओळख नसताना आला. पण शिवीसुद्धा तशीच येते बरं का! लेकरू निवडून घेत नाही.

नामदेवरायांचं घर बघा. आई गोणाई, पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा ही मुलं, घरकाम करणारी जनाबाई, सगळ्यांच्या नावानं अभंग हायेत. त्या घरात देवाशी बोलणं रोजचंच होतं, मग लेकरं बोलायला लागली त्यात नवल काय?

माझी नात साडेतीन वर्षांची हाय. परवा बाहुलीला दटावत होती, "गप बस, फोन चालू हाय!" ते बोलणं कुणाचं, हे सगळ्यांनी ओळखलं. माझा मुलगा उठून गोठ्यात गेला.

आपण बापमाणसं लेकराशी दोनच गोष्टी बोलतो, गप बस आणि मार खाशील. आजी शेंगा फोडता फोडता मोजायला शिकवायची, चांदोबा दाखवून घास भरवायची, शंभर प्रश्नांना उत्तरं द्यायची. आता घास भरवताना मोबाईल पुढं धरतात. मोबाईल बोलत राहतो, पण लेकराने विचारलेलं ऐकत नाही. आणि माळ घातल्यावर दारू सुटली, पण बायकोवर ओरडणं सुटलं नाही, असे माळकरीही मी पाहिलेत. तीन वर्षांचं पोर तेव्हा कणगीमागं लपतं. त्याला कारण कळत नाही, भीती तेवढी कळते.

आपल्या भागातून दसरा-दिवाळीला कोयता बाहेर पडतो. काही लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात. आई पहाटेच्या अंधारात ऊस तोडायला निघते, अन् कोपीवर सात वर्षांची बहीण दोन वर्षांच्या भावाला सांभाळते. मी त्या आईबापाला बोल लावणार नाही, पोटासाठी जावं लागतं. पण जी लेकरं म्हातारा-म्हातारीजवळ गावात राहतात, ती पाच-सहा महिने कुणाशी बोलतात? आजीच्या गुडघ्यात जीव नाही, आज्याला ऐकू येत नाही.

अंगणवाडी १९७५ सालापासूनची सरकारी योजना हाय. आपल्याला वाटतं, तिथं फक्त खाऊ मिळतो. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना तिथं गाणी, गोष्टी, खेळ शिकवायचे असतात. लेकरू रोज पाठवा, अन् आज काय केलं ते सेविकाताईला विचारत जा. विचारणारं कुणी असलं की काम नीट होतं, हे आपल्या ग्रामपंचायतीवरून तुम्हाला ठाऊकच हाय.

दुसरं काम आपल्या हातातलं हाय. देऊळ दिवसभर रिकामं असतं. कोयत्यावर गेलेल्या घरची लेकरं रोज हरिपाठाच्या आधी तासभर तिथं आणायची. दोन म्हातारी माणसं गोष्टी सांगतील. हातात छोटे टाळ देऊ, ताल चुकू द्या. मोबाईल बाहेर ठेवायचा, मोठ्यांनीसुद्धा. आणायला-पोचवायला दोन तरुण लागतील.

उद्या काल्यानंतर विणेकऱ्यांजवळ नावं द्या. सोमवार आणि गुरुवार माझ्याकडं लिहून घ्या.

रामकृष्ण हरी.