कोणत्या हंगामाला कोणता कांदा?



आज आपण कांद्याविषयी बोलू. भाकरीबरोबर बुक्कीनं फोडून खातो, तोच हा कांदा. ताटात तो गरीब दिसतो, पण शेतात मोठा मानी आहे. हंगाम चुकलेला त्याला खपत नाही.

नाशिक-पुण्याकडे कांदा वर्षातून तीनदा लावतात. पावसाळी कांद्याची रोपं जुलै-ऑगस्टात लावतात. त्याला कुणी पोळ कांदा म्हणतात. मग येतो रांगडा. तिसरा उन्हाळी. तो डिसेंबर-जानेवारीत लावायचा आणि एप्रिल-मे महिन्यांत काढायचा.

मग एकच बी तिन्ही वेळा पेरलं तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. कांदा दिवस मोजतो! गाठ केव्हा धरायची, हे तो उजेडाच्या तासांवरून आणि हवेच्या उबेवरून ठरवतो. नाशिककडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो. डिसेंबरात तो 11 तासांवर येतो. युरोपातल्या थंड मुलखातल्या कित्येक जातींना 14 ते 16 तासांचा दिवस लागतो. तसलं बी आपण इथं पेरलं, तर पात वाढत राहील आणि खाली गाठ धरणारच नाही. खत घाला, पाणी द्या, उपयोग नाही. एवढा मोठा दिवस आपल्याकडे उगवतच नाही.

आपल्या जातींतही असाच भेद आहे, फक्त थोडा बारीक. एन-53 आणि बसवंत-780 या लाल जाती पावसाळ्याच्या. दिवस लहान होत असताना त्या गाठ धरतात. एन-2-4-1 उन्हाळी. ती पावसाळ्यात लावली, तर मान जाड राहते आणि कांदा नीट पोसत नाही. उलट, पावसाळी जातीचा कांदा चाळीत ठेवला, तर थोड्याच दिवसांत कोंब फुटतात, सड लागते. एन-2-4-1 चा कांदा मात्र नीट सुकवून, हवेशीर चाळीत ठेवला, तर 5-6 महिने टिकतो. भाव पडला असताना ज्याचा कांदा टिकतो, त्याला थांबता येतं. ज्याचा टिकत नाही, त्याला मिळेल त्या भावात विकावा लागतो. सावकाराचा हप्ता काही थांबत नाही.

थंडीचंही तसंच आहे. रोप मोठं झालं आणि कडक थंडी पडली, की कांद्याला वाटतं आता बी धरावं. मग डोंगळे निघतात. रांगड्या कांद्यात हा त्रास फार. म्हणून शेजाऱ्यानं लवकर टाकलं, आपणही टाकू, असं करू नये. आपल्या जातीची वेळ पाहावी.

अलिबागचा पांढरा, गोडसर कांदा खाऊन पाहा. भात निघाल्यावर, जमिनीतल्या ओलीवर तो पोसतो. त्याचं बी देशावर आणलं म्हणजे तीच चव येईल, असं धरून चालू नका. आधी दोन वाफे लावून पाहावे.

आता बियाणं घेताना काय करावं? दुकानदार म्हणेल, “हे कधीही पेरा.” ऐकून घ्यावं आणि पिशवीवरचं लेबल स्वतः वाचावं. जातीचं नाव काय? लॉट नंबर कोणता? मुदत कधीपर्यंत? कांद्याचं बी वर्षभरातच जोम सोडतं, तेव्हा मागल्या सालचं स्वस्त बी महागात पडतं. पक्की पावती मागावी. तिच्यावर जात आणि लॉट नंबर लिहून घ्यावा. बी फसलं, तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. तिथं पहिल्यांदा पावती आणि पिशवीच मागतात. तेव्हा पिशवी चुलीत घालू नका. थोडं बीही तिच्यात राहू द्या.